नाद खुळा, खिसा मोकळा: नव्याने म्युझिक सिस्टिम घेणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभं राहिलं की समोर म्हशीची धार काढून फेसाळता पेला हातात देतात. डोळ्यांदेखत काढलेलं नसेल तर आपला माणूस ते दूध तोंडाला लावत नाही. म्हैस घ्यायची असेल तर दोन वेळची धार बघितल्याशिवाय पैसे सोडत नाही. आणि हाच माणूस चाळीस हजारांचा ॲम्प्लिफायर मोबाइलवर व्हिडिओ बघून मागवतो. म्हणजे ॲम्प्लिफायरचा आवाज पारखला कशावर, तर मोबाइलच्या टीचभर स्पीकरवर! मी कुणाला नावं ठेवत नाही. तो माणूस मीच आहे.

आमच्या माळ्यावर एक खोकं आहे. त्यात अंगठ्याएवढ्या जाडीची स्पीकरची वायर, स्पीकरखाली ठेवायचे पितळी सुळके, सीडीच्या कडेला फासायचं हिरवं पेन आणि रेकॉर्डवर चोळायच्या कसल्याशा द्रवाची अर्धी बाटली आहे. सगळं मिळून एक बरी सेकंड हॅन्ड मोपेड आली असती. त्या खोक्याची भरती करताना जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक पैसे चुकीच्या वस्तूवर जाण्याआधी चुकीच्या क्रमाने जातात.

पायरी १: पंधरा दिवस काहीही घेऊ नका

वहीत दहा गाणी किंवा दहा बैठकी लिहा, ज्या तुम्ही खरोखर पुन्हा पुन्हा ऐकता. दुकानात वाजवतात ती नाहीत. दुकानात नेहमी काचेचे थेंब पडल्यासारखी गिटार आणि छातीत धडकणारा ड्रम वाजतो, कारण त्यावर कुठलाही डबा चांगला वाटतो. तुम्ही घरी ऐकणार नाट्यगीतं आणि भजनं, तर परीक्षा त्यांवरच व्हायला हवी.

या पंधरा दिवसांत एकदा तरी देवल क्लबाच्या मैफलीत किंवा कुणाच्या घरच्या बैठकीत पुढच्या रांगेत जाऊन बसा. तानपुरा जवळून कसा वाजतो, तबल्याच्या शाईवर बोट पडलं की काय होतं, गायकाचा श्वास कुठे ऐकू येतो, हे कानात साठवून घ्या. ज्याने खरा तानपुरा कधी जवळून ऐकला नाही त्याला 'तानपुरा किती नैसर्गिक वाजतोय' असं सांगून काहीही विकता येतं. मला विकलंय.

(वाद्यच घ्यायचं असेल तर मिरज पन्नासेक किलोमीटरवर आहे. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गुरूंना बरोबर न्या, कारागिराच्या समोर बसून वाजवून घ्या. बाकी तो वेगळ्या लेखाचा विषय.)

पायरी २: खोलीत टाळी वाजवा

हसू नका. ज्या खोलीत सिस्टिम ठेवणार तिथे मधोमध उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. टाळीमागून 'टर्रर' असा शेपूट ऐकू आला तर तुमचा पहिला खर्च सिस्टिमवर करायचाच नाही. फरशी, उघड्या भिंती, काचेचं शोकेस आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्या, अशी आपली बैठकीची खोली असते. तिथे लाखाचा स्पीकरही बाथरूममध्ये गायल्यासारखा वाजतो.

दुसरी गंमत खालच्या स्वरांची. समोरासमोरच्या भिंती १० फुटांवर असतील तर साधारण ५६ हर्ट्झचा आणि त्याच्या दुपटीचा, ११२ हर्ट्झचा स्वर त्या दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून कुणीही गणित करून बघावं. म्हणून डग्गा एका खुर्चीत घुमतो आणि शेजारच्या खुर्चीत गायब होतो. लोक याला 'ॲम्पमध्ये दम नाही' म्हणतात आणि नवा ॲम्प आणतात. खुर्ची दोन फूट पुढे घेतली असती तर पैसे वाचले असते.

माझे स्पीकर सात वर्षं शोकेसमध्ये होते, एका बाजूला गणपती आणि दुसऱ्या बाजूला मुलाच्या कुस्तीच्या ढाली. शोकेसचं दार वाजायचं ते मला 'बास' वाटायचं. नंतर स्पीकर बाहेर काढले, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, दोघांमधलं अंतर आणि माझ्या खुर्चीपर्यंतचं अंतर सारखं, वरचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीला. जमिनीवर सतरंजी, मागच्या भिंतीला आईची जुनी गोधडी. खर्च शून्य. त्या दिवशी जो फरक पडला तेवढा नंतर कुठल्याही खरेदीने पडला नाही.

शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ मध्ये सुरू झालं तेव्हा नाटकाला माईक हा प्रकारच नव्हता. गळा आणि वास्तू एवढ्यावरच काम चालायचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते आगीत गेलं तेव्हा गावातली माणसं रडली ती काही भिंतींसाठी नाही.

पायरी ३: पैशाची वाटणी आणि वॅटचा बाजार

समजा हातात ५०,००० रुपये आहेत. निम्म्याहून जास्त स्पीकरला. उरलेल्यात ॲम्प्लिफायर आणि गाणं पुरवणारं काहीतरी, जे बऱ्याचदा तुमच्या खिशातला फोनच असतो. वायरीला पाचशे. दोन-तीन हजार बाजूला ठेवा, इलेक्ट्रिशियनसाठी. का ते पुढे येईल.

वॅटच्या आकड्यांनी दबून जाऊ नका. खोक्यावर '१०,००० वॅट पीएमपीओ' लिहिलेलं असतं. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य रीतच नाही, ज्याला जे वाटेल ते तो छापतो. स्पीकर उलटा करून मागे बघा किंवा त्याचा ॲडॉप्टर हातात घ्या. त्यावर बारीक अक्षरात असेल, '१२ व्होल्ट, २ ॲम्पिअर'. गुणाकार करा: २४ वॅट. आत २४ जातात आणि बाहेर दहा हजार येतात, असं यंत्र निघालं असतं तर महावितरणला कुलूप लागलं असतं. विचारायचं ते आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे खरे वॅट.

आरएमएसमध्येही दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे. दुप्पट वॅटला फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. साधा घरगुती स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो, आणि दोन माणसांच्या गप्पा ६०-६५ डेसिबलच्या असतात. घरात रोज ऐकताना तुम्ही एक-दोन वॅटच वापरत असता. बाकीचे गल्लीसाठी.

पायरी ४: वायर, आणि डोळे बांधून ऐकणं

इथे जरा थांबतो, कारण माझी मोठी फजिती इथलीच.

दुकानदार गोड माणूस. एसी खोली, चहा, 'बसा की साहेब, घाई काय हाय'. त्याने साध्या वायरीवर एक ख्याल लावला. मग म्हणाला, 'आता हे ऐका', आणि जाड निळी वायर जोडली. जोडून परत येताना त्याचा हात आवाजाच्या खटक्यावरून हलकेच गेला. मी तो हात बघितला. बघूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही, कारण पुढच्या क्षणाला तबला असा काही समोर आला की मी म्हटलं, 'आयला!' ८,५०० रुपये मोजले. वर त्यालाच धन्यवाद देऊन आलो.

महिनाभर आल्यागेल्याला ऐकवलं. 'शाईचा दाणा ऐकू येतोय बघा.' सगळ्यांना ऐकू आला, न यायला काय, मी चहा पाजत होतो. मग दिवाळीला भाचा आला, इंजिनिअरिंगला होता. म्हणाला, 'मामा, डोळे बांधून सांगाल कुठली वायर ते?' मी म्हटलं, 'झोपेत सांगीन.' त्याने माझ्या डोळ्यांवर पंचा बांधला, प्रत्येक वेळी नाणं उडवून वायर ठरवली आणि दहा वेळा तोच तुकडा वाजवला. माझी दहापैकी पाच उत्तरं बरोबर आली. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, 'अहो, मग नुसतं नाणं टाकलं असतं तरी एवढं आलं असतं की!'

आता हे घरी कसं करायचं ते नीट सांगतो. कुठलीही महाग वस्तू पटल्यासारखी वाटली की आधी हे करा.

दोन्ही बाजूंचा आवाज सारखा करून घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. एक डेसिबलने मोठा आवाज कानाला 'मोठा' वाटतच नाही. तो 'स्वच्छ' वाटतो, 'मोकळा' वाटतो, 'जिवंत' वाटतो. दुकानातल्या त्या हाताचं रहस्य हेच. फोनवर १०० हर्ट्झचा एकसारखा स्वर लावा, साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टोकांना लावा आणि दोन्ही वेळी आकडा सारखा येईपर्यंत खटका फिरवा. शंभरात एकापेक्षा जास्त फरक राहू देऊ नका.

मग ज्याला तुमच्या हौसेशी काही देणंघेणं नाही असा माणूस बदलाबदलीला बसवा. नाणं त्याने उडवायचं, उत्तरं त्याने लिहायची, आणि दहाही वेळा होईपर्यंत त्याने 'बरोबर' की 'चूक' हे तोंडावर दिसू द्यायचं नाही. नऊ किंवा दहा बरोबर आले तर त्या वस्तूत काहीतरी आहे असं समजा, कारण नुसत्या नशिबावर तेवढे यायची शक्यता शंभरात एक असते. सहा-सात आले तर 'थोडा तरी फरक आहेच' असं स्वतःला पटवू नका. तो थोडा फरक माझ्या माळ्यावर आहे.

वायरीचं गणितही देऊन टाकतो. घरातल्या वायरिंगला वापरतात ती दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, पाच मीटर लांब, जाऊन-येऊन दहा मीटर. तिचा रोध साधारण ०.१२ ओहम. समोर ८ ओहमचा स्पीकर. तोटा ०.१२ डेसिबलच्या आसपास. तेवढं कुणाच्या कानाला कळत नाही. फार लांब ओढायची असेल किंवा स्पीकर ४ ओहमचा असेल तर अडीच स्क्वेअर एमएम घ्या. लक्ष्मीपुरीत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते. फक्त दोन्ही स्पीकरना लाल-काळं उलटसुलट लागलं नाही ना एवढं बघा. एका बाजूला उलटं लागलं तर बास पळतो, आणि हे मी भल्याभल्यांच्या घरी बघितलंय.

पायरी ५: शून्य आणि एक

डिजिटल वायरीला, म्हणजे एचडीएमआय, यूएसबी, ऑप्टिकलला, 'गोड आवाज' नसतो. तिच्यातून आकडे जातात. पोचले तर पोचले, नाहीतर आवाज तुटतो, चित्रावर ठिपके येतात. मधलं काही नाही. सोन्याचा मुलामा गंजत नाही हे खरं, आणि आपल्या जून ते सप्टेंबरच्या ओलीत त्याचा थोडा उपयोगही आहे. पण तो मुलामा केसाहून पातळ असतो. गुजरीत गुंजभर सोनं घेताना काट्यावर डोळा ठेवणाऱ्याने इथे सोन्याचा भाव देऊ नये.

'हाय-रेझ', म्हणजे सीडीहून जास्त बारकाईने नोंदलेल्या फायली, या शब्दाने भुलू नका. साध्या सीडीत सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात, त्यात माणसाच्या कानाची २०,००० हर्ट्झची हद्द मावते. पन्नाशीनंतर आपल्यापैकी बऱ्याच जणांना १२,००० च्या वरचं ऐकूच येत नाही, त्यामुळे काकांनी १९२ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुन्यांच्या फायलींवर वाद घालू नये. मीही घालत नाही आता. पेनड्राइव्हवर 'पाच हजार जुनी गाणी, स्टुडिओ क्वालिटी' विकणारे भेटतात. मी घेतलेल्या पेनड्राइव्हमधल्या फायली फुगवलेल्या एमपी३ निघाल्या. स्पेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल टाकली की आलेख दिसतो. १६,००० हर्ट्झवर कुऱ्हाडीने तोडल्यासारखी सरळ रेघ दिसली तर बहुधा तोच प्रकार.

आणि एक. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांचे दरबारी गायक होते, त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकर. केसरबाईंचा साडेतीन मिनिटांचा भैरवीचा तुकडा १९७७ पासून व्हॉयेजर यानावर अंतराळात चाललाय. केसरबाईंच्या काळच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांत वरचे स्वर मुळातच फार नसतात, खरखर भरपूर असते. तरी अंगावर काटा येतो. ज्या काट्यासाठी आपण हे सगळं करतो तो हर्ट्झमध्ये मोजत नाहीत.

पायरी ६: गुणगुण

सिस्टिम लावली आणि स्पीकरमधून 'हूंऽऽ' असा सतत आवाज येतोय. अशा वेळी कुणीतरी पॉवर कंडिशनर, म्हणजे वीज 'साफ' करणारा डबा सुचवतो, किंमत वीस-तीस हजार. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि प्लगच्या तिसऱ्या भोकात अर्थिंग खरोखर आहे का ते तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि बऱ्याच फ्लॅटमध्ये ते भोक नुसतं शोभेला असतं. अर्थिंग ठीक असूनही गुणगुण राहिली तर सिस्टिमला जोडलेलं एकेक यंत्र काढून बघा. आमच्याकडे सेट टॉप बॉक्सला येणारी छतावरची केबल उपटली आणि खोली एकदम गप्प झाली. त्या शांततेला मी वीस हजार द्यायला निघालो होतो.

पायरी ७: जुना माल

जुन्या बाजारात किंवा ओळखीतून पितळी कर्णा असलेला ग्रामोफोन दिसतो, आठ कोनांची पेटी, पुढे कुत्र्याचं चित्र असलेली चकचकीत पट्टी. 'संस्थानिकाच्या वाड्यातला हाय, दादा.' आपल्याकडे वाडे आहेत, संस्थान होतं, म्हणून हे वाक्य इथे जास्त चालतं. यातले बहुसंख्य हल्ली जोडलेले असतात: मोटर कुठल्यातरी मोडक्या पेटीतली, कर्णा आणि लाकूड नवं. झाकण उचलून आत वास घ्या. पॉलिशचा ताजा वास आला, आतलं लाकूड कोरं पांढरं दिसलं, कर्णा टेकवलेला मागचा कंस ओबडधोबड ओतीव असला, स्क्रू नवे असले, तर ती शोभेची वस्तू आहे. शोभेच्या भावात घ्या. खरा जुना ऐकायचा असेल तर एचएमव्हीचं १०२ सारखं कर्णा नसलेलं, सुटकेससारखं मॉडेल शोधा. दिसायला साधं, म्हणून त्याची नक्कल करायला फारसं कुणी बसत नाही.

स्टीलची सुई एका बाजूला एकच वापरायची, दुसऱ्या बाजूला नवी. काटकसर केली तर तबकडीची माती होते. त्याच ग्रामोफोनवर एलपी, म्हणजे नंतर आलेली जास्त वेळ वाजणारी तबकडी, कधीही लावू नका, आणि एलपीच्या बारीक सुईने ७८ वाजवू नका.

सेकंड हॅन्ड स्पीकर घेताना पुढची जाळी काढून कडेचा फोम बोटाने हलकेच दाबा. जुना फोम पापडासारखा चुरतो. ॲम्पचा खटका फिरवताना खरखर आली तर फार घाबरू नका, ती बहुतेक वेळा साफसफाईने जाते, पण त्या खरखरीचे दोन हजार कमी करून घ्या. परदेशातून आलेला माल असेल तर मागची पट्टी वाचा. जपानला १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०. आपल्याकडे २३०. तसाच लावला तर धुराचा खर्च वेगळा.

पायरी ८: दुकानात

स्वतःचं गाणं घेऊन जा. आवाजाच्या खटक्यापाशी स्वतः उभे राहा. 'आजच्या दिवसच हा भाव' असं ऐकलं की उद्या जा. घरी चार दिवस लावून बघायला देता का, हे विचारा. अनामत ठेवून देणारे आहेत, आणि जो देतो त्याच्याकडूनच घ्यावं असं माझं मत. दुकानातली खोली आपल्या बरोबर येत नाही.

पक्कं बिल घ्या, मॉडेल नंबरासकट. बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' छापलं असलं तरी माल सदोष निघाला तर ते वाक्य तुमचा हक्क खात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे, आणि बिलावर मुदत नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा तर नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं तर दोन वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. मात्र तुम्हाला वस्तू नुसती आवडली नाही, किंवा 'शाईचा दाणा' ऐकू येईनासा झाला, तर कुठलाही आयोग मदतीला येणार नाही. मी सदोष वायर घेतली नव्हती. ती उत्तम वायर होती.

घेऊन बसला असाल तर

लपवू नका. मी दोन वर्षं हिला त्या वायरीची किंमत ८५० सांगत होतो, आणि एका लपवलेल्या खर्चाला पटवून द्यायला माणूस दुसरा खर्च करतो. पितळी सुळके मी त्यापायीच घेतले. विकता येत असेल तर लगेच विका, पहिल्या सहा महिन्यांत निम्मे तरी येतात. पुढच्या गिऱ्हाइकाला मात्र तबल्याची गोष्ट सांगू नका.

वायर विकायला मी उशीर केला, आता तिला कुणी विचारत नाही. गेल्या गणपतीत गल्लीतल्या तालमीची पोरं मंडपाच्या स्पीकरला वायर कमी पडली म्हणून आली होती. माळ्यावरून काढून दिली. अनंत चतुर्दशीनंतर परत आणून दिली, वर गुलाल लागलेला. मोठा पोरगा म्हणाला, 'काका, वायर लय भारी हाय, पण वाकत न्हाई. पुढच्या टायमाला साधी द्या.'